कृत्रिम पेशीत अ‍ॅक्टिनचं कडं बांधायचंय? पोस्टडॉकचे पहिले सहा महिने कुठे घालवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतात प्रथिनांच्या जैवरसायनशास्त्रात पीएचडी संपत आली आहे, ट्युब्युलिन (मायक्रोट्यूब्यूल नावाच्या पेशीतल्या ताठ नळ्यांचं प्रथिन) शुद्ध करण्याचा सराव आहे, आणि युरोपातल्या एका लॅबमध्ये दोन वर्षांचं पोस्टडॉक ठरलंय. काम असं की लिपिडच्या पिशवीत, म्हणजे व्हेसिकलमध्ये, सायटोस्केलेटनची, म्हणजे पेशीच्या सांगाड्याची, प्रथिनं भरायची आणि पेशी विभागणारं कडं त्यांच्याकडून उभं करून घ्यायचं. अ‍ॅक्टिन घ्यावं की एफटीएसझेड? (दोन्ही तंतू बनवणारी प्रथिनं; पहिलं आपल्यासारख्या पेशींतलं, दुसरं बॅक्टेरियातलं.) सुरुवात कुठून करावी? आणि व्हेसिकलमध्ये अ‍ॅक्टिन भरताना नेमकं कुठे बिघडतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. या कामात घोटाळा दोन जागी होतो. पहिला व्हेसिकल बनवायच्या कितीतरी आधी, बर्फावर ठेवलेल्या नळीतल्या प्रथिनात. दुसरा सगळं जमून आल्यावर, पडद्यावर सुंदर कडं दिसतं त्या क्षणी. मधलं काम, म्हणजे प्रत्यक्ष व्हेसिकल बनवणं, हाताला वळण लागलं की जमतं. नवा माणूस मात्र सगळी धास्ती त्या मधल्या कामाचीच घेतो आणि पहिले सहा महिने त्यातच घालवतो.

अ‍ॅक्टिन की एफटीएसझेड

हे ठरतं लॅबच्या ध्येयावरून. आपली प्रथिनं स्वतःच्या डीएनएवरून स्वतः बनवणारी पेशी हे ध्येय असेल, तर अ‍ॅक्टिन पहिल्याच पायरीवर अडतं. अ‍ॅक्टिनची घडी नीट बसायला सीसीटी नावाचं चॅपरोनिन, म्हणजे प्रथिनांची घडी घालणारं यंत्र, लागतं आणि ते बॅक्टेरियात नसतं. म्हणून ई. कोलायमध्ये साधं अ‍ॅक्टिन बनवायला गेलं की हाती न विरघळणारा गाळ येतो. ई. कोलायच्याच घटकांवर बेतलेल्या प्युअर सिस्टिमचीही, म्हणजे पेशीविना नळीत प्रथिनं बनवणाऱ्या मिश्रणाचीही, तीच अडचण. एफटीएसझेड मात्र बॅक्टेरियाचंच प्रथिन, ई. कोलायमधलं ३८३ अमिनो आम्लांचं, सुमारे ४० किलोडाल्टनचं. प्युअरमध्ये ते कामाचं बनतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २०१९ साली मिन प्रथिनं (बॅक्टेरियात विभाजनाची जागा ठरवणारी) लायपोसोमच्या, म्हणजे व्हेसिकलच्या, आतच जनुकांवरून बनवून त्यांची आंदोलनं दाखवली, ती याच वाटेवरची पायरी.

प्रश्न यांत्रिक असेल, म्हणजे पटल (पिशवीची लिपिडची भिंत) आवळायला किती बल लागतं, कडं आकसतं कसं, तर अ‍ॅक्टिन-मायोसिनच घ्या. मायोसिन ही तंतू ओढणारी खरी मोटर आहे. एफटीएसझेड एकट्यानं पटलाला खळगे पाडतं: ओसावा, अँडरसन आणि एरिक्सन यांनी २००८ साली एफटीएसझेडला मिनडी या मिन प्रथिनाचं पटलात रुतणारं शेपूट जोडलं आणि नळीसारख्या लायपोसोममध्ये त्याची कडी तयार होऊन पटल जागोजागी आवळलेलं दाखवलं. पण बॅक्टेरियात विभाजन तडीला नेण्यात पेशीभित्तिका बांधणाऱ्या यंत्रणेचा मोठा वाटा असतो, आणि ती यंत्रणा तुमच्या व्हेसिकलमध्ये नाही.

तुमचा ट्युब्युलिनचा सराव एफटीएसझेडला थेट उपयोगी पडेल, कारण दोन्ही एकाच कुळातली, जीटीपी या इंधन-रेणूवर चालणारी. मुंबईच्या आयआयटीत बकऱ्याच्या मेंदूतलं ट्युब्युलिन आणि एफटीएसझेड या दोन्हींवर वर्षानुवर्षं काम झालंय. पुण्याच्या आयसरमध्ये बॅक्टेरियाच्या सांगाड्याच्या प्रथिनांचा अभ्यास चालतो. निघण्याआधी तिथे कुणी ओळखीचं असेल तर जीटीपीएझ मोजणी (प्रथिन किती वेगानं जीटीपी खातं ते) हाताखालून घालून घ्या. हिशेब समजला पाहिजे: एका एफटीएसझेड रेणूनं मिनिटाला ४-५ जीटीपी खाल्ले, तर ५ मायक्रोमोलर प्रथिन १ मिलिमोलर जीटीपी चाळीस-पन्नास मिनिटांत संपवतं. बंद व्हेसिकलमध्ये बाहेरून भर घालता येत नाही. तासाभरानं तंतू विरघळलेले दिसले की लोक लेझरला दोष देतात, खरं तर इंधन संपलेलं असतं.

मायक्रोट्यूब्यूल कड्यासाठी नकोत. ते मिलिमीटरच्या मापात ताठ असतात. १० मायक्रॉनच्या व्हेसिकलमध्ये वाढले की पटलाला आतून भोसकून दोन टोकांना शेपट्या काढतात.

पुढचं सगळं अ‍ॅक्टिन धरून लिहितोय.

आधी नळीतलं प्रथिन

सशाच्या स्नायूच्या अ‍ॅसिटोन पावडरीतून अ‍ॅक्टिन काढायची स्पूडिच आणि वॉट यांची १९७१ची पद्धत अजून चालते. तिच्या शेवटी जेल फिल्ट्रेशन केलं नसेल तर तंतूंची टोकं बंद करणाऱ्या कॅपिंग प्रोटीनचे अंश आणि छोटे छोटे तुकडे सोबत येतात. गोठवलेलं अ‍ॅक्टिन वितळल्यावर ताज्या जी-बफरमध्ये डायलिसिस करा (२ मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.०, ०.२ मिलिमोलर एटीपी, ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर डीटीटी). मग १,००,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट बलावर) तासभर फिरवा आणि वरचा भागच घ्या. ही पायरी गाळली तर तळाशी बसायला हवे होते ते तुकडे बियाण्यासारखे वागतात. पॉलिमर व्हायला सुरुवातीला जो थोडा उशीर लागतो तो नाहीसा होतो, आणि अ‍ॅक्टिन व्हेसिकलमध्ये शिरायच्या आधी नळीतच तंतू धरतं. तुमचा सगळा वेळापत्रकाचा खेळ त्या उशिरावर आहे.

प्रमाण २९० नॅनोमीटरला मोजा, २८० ला नको, कारण बफरमधलं एटीपी तिथे लुडबुड करतं. २९० ला ०.६३ शोषण म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सुमारे २४ मायक्रोमोलर. ब्लँक म्हणून तेच डायलिसिसचं बफर घ्या.

अ‍ॅक्टिनवरचा कॅल्शियम काढून मॅग्नेशियम बसवायची पायरीही अशीच गाळली जाते. मीठ घालायच्या आधी (मीठ पडलं की तंतू धरू लागतात) ५० मायक्रोमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि ०.२ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं) घालून दोन मिनिटं थांबा. कॅल्शियम-अ‍ॅक्टिन आणि मॅग्नेशियम-अ‍ॅक्टिन यांचा तंतू धरण्याचा वेग वेगळा असतो. दोन मिनिटं वाचवलीत की आजच्या आणि उद्याच्या प्रयोगाचा मेळ बसत नाही.

मग परीक्षा घ्या. ५ मायक्रोमोलर अ‍ॅक्टिन पॉलिमर करा, तासाभरानं १,००,००० जीवर अर्धा तास फिरवा, वरचा भाग आणि पेलेट (तळाचा गाळ) एकाच जेलवर चालवा. तंतूच्या वेगानं वाढणाऱ्या टोकाची क्रिटिकल कॉन्सेंट्रेशन (ज्याखाली ते टोक वाढत नाही ते प्रमाण) ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास असते, तेव्हा जवळजवळ सगळं अ‍ॅक्टिन खाली यायला हवं. वर दहा टक्क्यांहून जास्त उरत असेल तर ते अ‍ॅक्टिन टाका. फॅसिनसारख्या जुडी बांधणाऱ्या प्रथिनाची परीक्षा तीच, फक्त १०,००० जीवर: सुटे तंतू वर राहतात, जुड्या खाली बसतात. फॅसिन डीटीटीत ताजं ठेवा, ऑक्सिडाइझ झालं की जुड्या कमी पडतात.

रंगवलेलं अ‍ॅक्टिन ५ ते १० टक्के पुरे. तंतू दिसावेत म्हणून फॅलॉइडिन किंवा जॅस्प्लाकिनोलाइडवर आधारलेला रंग वापरला तर चित्र झकास येतं, पण तंतूंची मोडतोड-जोडणी थांबते. बदलणाऱ्या कड्याचा अभ्यास करायचा असेल तर हे दोन्ही दूर ठेवा.

बफर: जुनी कृती जशीच्या तशी उचलू नका

अ‍ॅक्टिनचं पारंपरिक एफ-बफर (तंतू धरण्यासाठीचं) म्हणजे ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मॅग्नेशियम क्लोराइड, १ ईजीटीए, १० इमिडाझोल, पीएच ७.०. नळीत उत्तम चालतं. आता तुम्ही तंतू पटलाला बांधण्यासाठी निकेल-एनटीए डोकं असलेलं लिपिड आणि हिस्टिडिनचं शेपूट लावलेलं प्रथिन घेता. ईजीटीए निकेल ओढून घेतं. इमिडाझोल हिस्टिडिनच्या जागेवर बसायला धडपडतं. डीटीटी जास्त असेल तर निकेलला तेही छळतं. तीनही गोष्टी (डीटीटी जी-बफरमधून येतं) शेवटी त्याच द्रावणात असतात, आणि पटलाशी बांधलेलं प्रथिन तासाभरात सुटत जातं. तंतू पटलापासून लांब दिसू लागतात आणि त्याचं श्रेय कुठल्यातरी जैविक कारणाला दिलं जातं.

इथे २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४ घ्या, इमिडाझोल नको. ईजीटीए ०.२ मिलिमोलरच्या वर नेऊ नका. डीटीटीऐवजी टीसीईपी घ्या. आणि एक साधी खात्री: हिस्टिडिनचं शेपूट असलेलं जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) याच अंतिम बफरमध्ये व्हेसिकलवर लावा आणि तासभर पाहा. कडेची चमक टिकली तरच पुढे जा.

मॅग्नेशियमचा हिशेब एटीपीबरोबर करा. एटीपी आपल्या बरोबरीनं मॅग्नेशियम धरून ठेवतं. २ मिलिमोलर एटीपी आणि १ मिलिमोलर मॅग्नेशियम म्हणजे मोकळं मॅग्नेशियम जवळपास शून्य. एटीपीपेक्षा १-२ मिलिमोलर जास्त ठेवा. एटीपीची पावडर पाण्यात आम्लधर्मी असते, सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ७ वर आणल्याशिवाय स्टॉक गोठवू नका.

आतलं आणि बाहेरचं पाणी

एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. आतल्या द्रावणात ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड (ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण, साधारण १००), २० हेपेस (२५), ३ मॅग्नेशियम क्लोराइड (९), २ एटीपी (६), १० क्रिएटिन फॉस्फेट (३०) आणि १०० सुक्रोज (१००). बेरीज सुमारे २७० मिलिऑस्मोल. बाहेर फक्त ग्लुकोज, ५ ते १० ने जास्त, म्हणजे २७५-२८०. इथवर सगळे येतात.

आता घनता काढा. सुक्रोज आत आणि ग्लुकोज बाहेर असलं की व्हेसिकल बुडतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि दोन्हीकडे सारखी मोलॅरिटी असली तर ते खरंच आहे. इथे मात्र आत १०० मिलिमोलर सुक्रोज, म्हणजे लिटरला ३४ ग्रॅम, आणि बाहेर २७५ मिलिमोलर ग्लुकोज, म्हणजे लिटरला जवळपास ५० ग्रॅम. आतलं मीठ वगैरे धरलं तरी दोन्ही घनता १.०१७च्या आसपास येतात. व्हेसिकल तरंगत राहतात, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली येत नाहीत, आणि माणूस आठवडाभर लिपिड बदलत बसतो. उपाय सोपा आहे: आतल्या द्रावणात आयोडिक्झॅनॉल, म्हणजे बाजारातलं ऑप्टिप्रेप, आकारमानाने ६.५ टक्के. घनता १.०३५च्या पुढे जाते, ऑस्मोलॅरिटीत भर मात्र अगदी थोडी पडते.

हे आकडे कागदावर काढलेले आहेत. दोन्ही द्रावणं दर वेळी ऑस्मोमीटरवर मोजाच.

व्हेसिकल बनवणं

इलेक्ट्रोफॉर्मेशन ही अँजेलोव्हा आणि दिमित्रोव्ह यांची १९८६ची पद्धत निव्वळ लिपिडला सुंदर, पण मीठ आणि प्रथिनं असली की कुरकुरते. अब्कारियन, लोइझो आणि मासिएरा यांची २०११ची सी-डाइस, म्हणजे फिरत्या भांड्यात केशनळीतून थेंब सोडण्याची पद्धत, हातात बसली की भरपूर उत्पन्न देते. सुरुवात मात्र पौतो, फ्रिस्केन आणि वाइट्झ यांच्या २००३च्या उलट्या इमल्शनने करा, म्हणजे तेलात पाण्याचे थेंब करून ते लिपिडच्या सीमेतून खालच्या पाण्यात ओढा. साधा सेंट्रिफ्यूज आणि पिपेट एवढंच लागतं, आणि चूक कुठे झाली ते डोळ्यांनी दिसतं.

क्लोरोफॉर्ममधलं लिपिड (पीओपीसी आणि हवं ते बांधणारं लिपिड) स्वच्छ काचेच्या कुपीत नायट्रोजनखाली वाळवा, तासभर व्हॅक्यूममध्ये ठेवा. मिनरल ऑइल घालून ०.५ मिलिमोलर करा, ५०-६० अंशांवर अर्धा तास बाथ सोनिकेटरमध्ये. त्याच दिवशी वापरा. हवेतली ओल या तेलाची वैरीण आहे. पावसाळी दिवशी लिपिड तेलात गुठळ्या धरतं आणि उत्पन्न कोसळतं. सी-डाइसमध्येही आर्द्रतेवर ताबा ठेवल्यानं किती फरक पडतो हे २०२१ साली डेल्फ्टच्या कामात स्पष्ट झालंय. कुपी उघडी ठेवू नका, शक्य असेल तर कोरड्या हवेच्या पेटीत काम करा.

दीड मिलिलिटरच्या नळीत ४०० मायक्रोलिटर बाहेरचं द्रावण, त्यावर अलगद २०० मायक्रोलिटर लिपिड-तेल, आणि अर्धा-पाऊण तास न हलवता ठेवा. त्या वेळात सीमेवर लिपिडचा एक थर नीट बसतो. घाई केली तर थेंब सीमा ओलांडताना फुटतात.

दुसऱ्या नळीत ३०० मायक्रोलिटर तेच लिपिड-तेल बर्फावर. आता अ‍ॅक्टिनमध्ये मीठ घातलंत की घड्याळ सुरू झालं. दोन मिनिटांच्या आत १५ मायक्रोलिटर द्रावण तेलात सोडा, आणि नळीचा तळ प्लॅस्टिकच्या रॅकच्या भोकांवरून खरखर ओढा, दहा-पंधरा वेळा, तेल दुधासारखं होईपर्यंत. पिपेटनं वर-खाली करू नका, धरू लागलेले तंतू त्यात तुटतात आणि थेंबांचा आकार वेडावाकडा होतो. दूध लगेच पहिल्या नळीवर ओता आणि ४ अंशांवर १,००० जीला दहा मिनिटं फिरवा.

बाहेर काढल्यावर नळी उजेडासमोर धरा. वरचं तेल स्वच्छ झालेलं हवं. सीमेवर पांढरी साय धरली असेल तर लिपिड गुठळलंय किंवा थेंब तिथेच अडकलेत, अशा वेळी वेग वाढवून उपयोग होत नाही, तेल नव्यानं बनवा. साय नसेल तर तेल वरून हळूहळू काढा, नळीची आतली भिंत टिश्यूच्या टोकानं पुसून घ्या आणि टोक कापलेल्या टिपनं तळातले १०० मायक्रोलिटर घ्या. पेलेट बहुधा दिसणार नाही, त्यानं घाबरू नका. कव्हरस्लिपवर आधीच १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बीटा-केसीन दहा मिनिटं ठेवलेलं असावं, नाहीतर व्हेसिकल काचेवर फुटून चकत्या होतात. विहिरीवर, म्हणजे नमुना ठेवलेल्या खळग्यावर, झाकण ठेवा. उघड्या विहिरीतून अर्ध्या तासात इतकं पाणी उडतं की बाहेरची ऑस्मोलॅरिटी चढते आणि व्हेसिकल ढिली पडतात. तो ढिलेपणा प्रथिनांनी आणला असं समजून बसू नका.

सगळ्या व्हेसिकलमध्ये सारखं अ‍ॅक्टिन जातं असं धरूही नका. आत एक निष्क्रिय रंग घाला आणि प्रत्येक व्हेसिकलची चमक स्वतंत्र मोजा, त्यांच्यात मोठा फरक सापडेल. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून: १० मायक्रॉन व्यासाच्या व्हेसिकलचं आकारमान सुमारे ०.५२ पिकोलिटर. त्यात १० मायक्रोमोलर अ‍ॅक्टिन म्हणजे एकतीस लाखांच्या आसपास रेणू. प्रत्येक रेणू तंतूची लांबी २.७ नॅनोमीटरनं वाढवतो, तेव्हा सगळं एका धाग्यात ओवलं तर लांबी भरते ८.५ मिलिमीटर. शंभराव्या भागाच्या मिलिमीटरच्या पिशवीत एवढा दोरा कोंबलेला असतो. तो कसा वागेल हे निम्मं त्या कोंडमाऱ्यानंच ठरतं.

कडं दिसलं, आता?

अ‍ॅक्टिनच्या तंतूची ताठरता १० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे एवढ्या लांबीपर्यंत तो जवळपास सरळ राहू पाहतो. फॅसिननं जुडी बांधली की ताठरता कैक पटींनी वाढते. अशी जुडी १० मायक्रॉनच्या व्हेसिकलमध्ये मावत नाही, म्हणून भिंतीला टेकून वळते, आणि सर्वांत कमी वळावं लागेल अशी जागा म्हणजे विषुववृत्त. पटलाशी काहीही जोडलेलं नसताना, मायोसिन नसताना, व्हेसिकलच्या पोटाभोवती देखणं कडं तयार होतं. हा निव्वळ भूमितीचा परिणाम आहे. नव्या पोस्टडॉकचं पहिलं सादरीकरण याच कड्यावर उभं राहतं आणि पहिल्याच प्रश्नाला कोसळतं.

त्याहून साधी फसगत मायक्रोस्कोपची. पटलाच्या आतून सगळीकडे सारखं अस्तर धरलेलं अ‍ॅक्टिन कॉन्फोकलच्या मधल्या छेदात कड्यासारखंच दिसतं. संत्रं मधोमध कापलं की साल गोल दिसते, तसं. तेव्हा एका छेदावर काहीही ठरवू नका. अर्ध्या मायक्रॉनच्या अंतरानं पूर्ण व्हेसिकलचे वीस-पंचवीस छेद घ्या आणि मगच कडं हा शब्द वापरा.

प्रत्येक तुकडीसोबत ही कंट्रोल्स, म्हणजे एखादा घटक वगळून केलेले तुलनेचे प्रयोग, हवीतच: फॅसिन आहे पण पटलाशी जोडणी नाही, जोडणी आहे पण फॅसिन नाही, सगळं आहे पण मायोसिन नाही, आणि लॅट्रनक्युलिन घालून तंतूच होऊ दिलेले नाहीत. जर्मनीतल्या मार्टिन्सरीडच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधून २०२१ साली व्हेसिकलमधल्या आकसणाऱ्या अ‍ॅक्टिन-मायोसिन कड्यांचं काम आलं. ते वाचताना कड्याच्या चित्रांवर थांबू नका, कुठली जोडणी काढली की काय होतं ते बारकाईनं पाहा.

मायोसिन घालताना

स्नायूचं मायोसिन-२ बहुधा ५०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे २० अंशांवर ठेवलेलं असतं. ते आतल्या द्रावणात एक-दशांश घातलं तर मीठ ५० मिलिमोलरनं वाढतं, हे लक्षात येतं. ग्लिसरॉल विसरलं जातं. आकारमानाने ५ टक्के ग्लिसरॉल म्हणजे जवळपास ०.७ मोलर, ऑस्मोलॅरिटीत सुमारे ७०० ची भर. समजा तुम्ही मोजून बाहेरचं ग्लुकोजही तेवढंच चढवलंत. ग्लिसरॉल लिपिडच्या पटलातून मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर झिरपतं, ग्लुकोज आत येऊ शकत नाही, आणि व्हेसिकलमधलं पाणी खेचलं जातं. व्हेसिकल आकसतात, सुरकुततात. मायोसिन असलेल्या व्हेसिकलमध्येच हे होतं आणि कंट्रोलमध्ये होत नाही, म्हणून मायोसिननं पटल आवळलं असा निष्कर्ष लिहिला जातो. मायोसिन रात्रभर ३०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, ग्लिसरॉलविना डायलिसिस करा आणि दोन-तीन दिवसांत वापरा. आणि मायोसिन नसलेल्या कंट्रोलमध्ये त्याच डायलिसिसचं बफर तेवढंच घाला.

मायोसिनची डोकी, म्हणजे तंतू ओढणारी टोकं, काही मेलेली असतात; ती काढायला मायोसिन तंतू आणि एटीपीसोबत १,००,००० जीवर फिरवा. एटीपी असूनही जी डोकी तंतूला सोडत नाहीत, ती त्यांच्यासोबत खाली जातात. ही डोकी राहिली तर ओढण्याऐवजी तंतू एकमेकांना बांधणाऱ्या क्रॉसलिंकरचं काम करतात.

इंधनाचा हिशेब: ०.२ मायक्रोमोलर डोकी, प्रत्येक सेकंदाला १० एटीपी धरा, तर सेकंदाला २ मायक्रोमोलर एटीपी जातं. ०.२ मिलिमोलर शंभर सेकंदांत संपतं, २ मिलिमोलर सतरा मिनिटांत. मायक्रोस्कोपखाली यायलाच अर्धा तास जातो. म्हणून १० मिलिमोलर क्रिएटिन फॉस्फेट आणि ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर क्रिएटिन कायनेझ; ही जोडी एटीपी पुन्हा भरत राहते. ब्लेबिस्टॅटिननं मायोसिन रोखून ठेवायचं आणि निळ्या प्रकाशानं मोकळं करायचं, ही युक्ती चांगली आहे, पण मग अ‍ॅक्टिनला लाल बाजूचाच रंग लावा. ४८८चा लेझर लावताक्षणी ब्लेबिस्टॅटिन निकामी होतं आणि त्यातून निघणारे पदार्थ प्रथिनांनाही इजा करतात.

एका गोलाचे दोन गोल

सगळ्यांत कमी बोललं जातं ते याबद्दल. एका गोलाचे सारखे दोन गोल करायचे आणि आकारमान तेच ठेवायचं, तर पृष्ठभाग २६ टक्क्यांनी जास्त लागतो. लिपिडचं पटल काही टक्क्यांहून जास्त ताणलं की फाटतं. तुमचं कडं कितीही जोरदार असो, फुगलेल्या व्हेसिकलला ते विभागू शकत नाही. पटल आणायचं कुठून?

उपलब्ध वाट म्हणजे आतलं पाणी कमी करणं. तेवढ्याच पटलात दोन सारखे गोल मावायला आकारमान मूळच्या ७१ टक्क्यांवर आणावं लागतं. म्हणजे आत २८० मिलिऑस्मोल असेल तर बाहेर हळूहळू ३९६ पर्यंत चढवायचं. पण पाणी गेलं की आतलं सगळं दाटतं: ५० चं पोटॅशियम क्लोराइड ७१ होतं, १० मायक्रोमोलरचं अ‍ॅक्टिन १४ होतं, फॅसिनही त्याच पटीत. तेव्हा तुमची कंट्रोल्स सुरुवातीच्या नाही, या दाटलेल्या प्रमाणांवर करायला हवीत. दुसरी अडचण अशी की मोकळं झालेलं पटल कड्यासाठी वाट बघत थांबत नाही. त्याच्या बारीक नळ्या आणि कळ्या निघतात आणि ते तिथेच अडकून पडतं. ऑस्मोलॅरिटी एकदम न चढवता वीस-तीस मिनिटांत टप्प्याटप्प्यानं चढवली तर हे कमी होतं, आणि अ‍ॅक्टिनचं पातळ अस्तर आधीच धरलेलं असेल तर त्याचाही थोडा आधार होतो असं वाटतं. चांगला पोस्टडॉकचा प्रश्न इथे दडलेला आहे: ठरावीक जादा पटलाला किती मायोसिन लागतं, आणि कुठल्या मर्यादेखाली काहीच घडत नाही. हे मोजता येतं, आणि उत्तर नकारार्थी आलं तरी छापता येतं.

रुजू होण्याआधी

फेलोशिपचा विचार असेल तर तारखा आत्ताच पाहा. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपसाठी अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही, म्हणजे आधी रुजू होऊन मग निवांत अर्ज करू म्हटलं तर दार बंद होऊ शकतं. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम या आंतरराष्ट्रीय संस्थेची फेलोशिप तीन वर्षांची आहे. या कामाला दोन वर्षं खरोखर तोकडी पडतात, म्हणून तिचाही विचार करा.

आणि लॅबच्या प्रमुखांना पत्रात तीन गोष्टी सरळ विचारा. अ‍ॅक्टिन आणि मायोसिन लॅबमध्ये कोण शुद्ध करतं, आणि ती व्यक्ती अजून किती महिने तिथे आहे? अल्ट्रासेंट्रिफ्यूज आणि ऑस्मोमीटर स्वतःचे आहेत की दुसऱ्या विभागात जाऊन रांग लावावी लागते? आणि व्हेसिकलमध्ये शेवटचा प्रयोग ज्यानं नीट केला, त्याची वही वाचायला मिळेल का? छापलेल्या लेखात तेलाची कुपी किती दिवस जुनी होती ते नसतं, वहीत असतं.